मधोमध

पायवाटेच्या तोंडाशी लाकडी पेटी, पेटीत वही,
वहीला सुतळीनं बांधलेली पेन्सिल, ओल मुरलेली.
नाव, गाव, किती जण, कुठवर, परत कधी.
लोर्नानं लिहिलं: पेल्की, कीन व्हॅली, दोघी.
‘कुठवर’च्या रकान्यात: बघू.

मे महिन्याची अकरा तारीख.
खाली गावात लोकांनी गाड्यांचे टायर बदललेत,
दुकानाबाहेर टोमॅटोची रोपं मांडलीत,
आणि इथे वर
हिवाळ्याचं सामान अजून आवरून व्हायचंय.

पहिला चिखल शंभर पावलांवर.
काळा, कुजल्या पानांचा,
वर आभाळाचा एक तुकडा तरंगत.
मी सवयीनं कडेला वळले, शेवाळावरून.
बूट नवे होते, सेलमधले.
“मधून,” ती म्हणाली,
मागे न बघताच.
“सगळे कडेनं गेले की वाट रुंदावते,
शेवाळ मरतं, मुळं उघडी पडतात,
आणि चिखल काही कमी होत नाही.”
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई.
तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

गेले मधून.
घोट्याला गार, मग पोटरीला गार,
पाय उपसताना चुबुक असा आवाज,
परातीत कणीक सैल झाल्यावर येतो तसा.

तीन हजार फुटांवर स्प्रूसची दाटी सुरू झाली
आणि बर्फ.
वाटेच्या मधोमध त्याचा एक लांब कणा,
दीड वीत रुंद,
दोन्ही अंगांना भुसभुशीत, आतून पोकळ.
हिवाळाभर माणसं जिथून चालली
तिथला बर्फ दाबून दाबून घट्ट झालेला.
तो सगळ्यात शेवटी जातो, लोर्ना म्हणाली.
त्याच्यावरून चालायचं, बांधावरून चालावं तसं,
काठ्या टेकत, बोलणं कमी करत.

गेलं वर्षभर औषधांच्या दुकानात, काउंटरमागे,
माझ्याशी सगळे कडेकडेनं चालले.
हवा. सुट्ट्या. माझे कानातले.
श्रीरंगचं नाव जवळ आलं की
एकेक जण नवे बूट घातल्यासारखा वळायचा.
मीही. खरं तर मीच आधी.
आईला फोनवर: जेवले, झोपते आता, बरंय.

त्या कण्यावर, माझ्या पुढे चार पावलं,
लोर्नानं विचारलं,
“शेवटी किती दिवस ओळखत नव्हता तो तुला?”
“नऊ,” मी म्हटलं,
आणि डावा पाय गेला.

मांडीपर्यंत.
खाली कुठेतरी पाणी वाहत होतं,
पायाला कळत होतं, दिसत नव्हतं.
ओढला तर पाय आला, बूट नाही.
ठिबकता मोजा, एका पायावर मी बगळ्यासारखी,
आणि हसू आलं,
मग ते हसू राहिलं नाही,
मग परत हसूच.
लोर्ना पालथी पडली,
खांद्यापर्यंत हात घातला भोकात,
अडलेल्या गाईचं वासरू फिरवतात तसा,
आणि शिव्या देत देत
(एक तर मी पहिल्यांदाच ऐकली)
बूट वर काढला.
बुटात बर्फ, बर्फात स्प्रूसच्या सुया.

शिखर आम्ही पाहिलं नाही.
दीड मैलावर होतं, ढगात,
त्याला आमची काही घाई नव्हती.
ओंडक्यावर बसून थर्मासमधला चहा,
कानामागे काळ्या माश्या.
“श्री-रंग,” तिनं जीभ वळवून पाहिली, “अर्थ काय?”
मी सांगितला.
चहा निवला तरी सांगतच होते.

उतरताना आमचीच भोकं भेटली.
पुढच्याला ठेच, मागचा शहाणा म्हणतात;
पुढच्याही आम्ही, मागच्याही आम्हीच,
त्याच खड्ड्यांत दुसऱ्यांदा.
मग तो चिखल आला.
या वेळी कुणी काही बोललं नाही.
पलीकडे गेल्यावर पाहिलं तर
बूट कुणाचेही असू शकले असते.

वहीत परतल्याची वेळ लिहायची असते.
कागद मऊ, पेन्सिल ओली, अक्षर उठेना.
‘बघू’ तसंच राहू दिलं लोर्नानं.
मी त्याच्यापुढे दाबून, दोनदा गिरवून लिहिलं:
आलो. सव्वाचार.